शेवटच्या प्रकरणाचा चिमटा

कार्ल्सरूहे,
९ नोव्हेंबर २००५

प्रिय लतिकाताई,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि त्यामागोमाग तुझा रागावलेला फोन, दोन्ही पोचले. मी घरात असून उर्जानं फोनवर ‘आई नाही’ म्हणून सांगितलं, ते माझ्याच सांगण्यावरून. तिच्यावर चिडू नकोस. फराळाचा डबाही मिळाला. चकल्यांचा चुरा झाला होता, तो आम्ही दह्यात कालवून खाल्ला. उर्जा आता उंचीनं माझ्या कानापर्यंत आली आहे. मराठीत विचारलं तरी उत्तर जर्मनमध्येच देते, त्यात काही सुधारणा नाही.

आधी तुझं काम. वाचकांची मतं बघून प्रकाशक तुझी सातवी ‘भागू कासारीण’ रहस्यकथा काढायची की नाही ते ठरवणार म्हणतेस, तर आमच्या महाराष्ट्र मंडळाची मतं लिहून घे.

स्नेहलता म्हणते, सहाही पुस्तकांत हे सहावं सगळ्यात चांगलं. विष घातलेल्या खिरीचं वर्णन वाचून तिनं त्याच संध्याकाळी खीर केली. नवऱ्यानं मात्र आधी तिला खायला लावली आणि मग स्वतः खाल्ली. ओजस म्हणून इथे पीएचडी करणारा मुलगा आहे. तो विचारतो, पेशवाईतल्या साताऱ्यात एकादशीला साबुदाण्याची खिचडी आली कुठून? तेवढे वऱ्याचे तांदूळ कर बाई, नाहीतर तो मला सोडणार नाही. प्रभाकाकू सुनेच्या बाळंतपणासाठी आल्या आहेत. त्यांचं मत सगळ्यात कडक. “आमच्या गावची कासारीणही बांगड्या भरता भरता घरातलं सगळं काढून घ्यायची, पण पुढच्या घरी जाऊन ओकायची. ही तुमची भागू पोटात ठेवते, ते काही पटत नाही.” आणि लगेच पुढचं पुस्तक कधी येणार, म्हणून विचारलं.

म्हणजे सगळ्यांना भागू हवी आहे. हे प्रकाशकांना ठणकावून सांग.

पुस्तकाची प्रत मंडळात एकच, स्नेहलतानं बॅगेतून आणलेली. ती घरोघर फिरते. आमची पद्धत तुला सांगितली होती का? शेवटच्या प्रकरणाच्या पानांना कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावलेला असतो. तिथवर वाचलं की मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं आपला अंदाज लिहायचा, खाली सही करायची, मगच चिमटा काढायचा. पुढच्या घरी देताना परत लावायचा. ही युक्ती तुझ्या मेहुण्याची, श्रीधरची. आणि दर वेळी अंदाज चुकतो तोही त्याचाच. इंजिनिअर असून चोर ओळखता येत नाही म्हणून सगळे त्याची टर उडवतात.

तू तीनदा विचारलंस, श्रीधररावांचं मत का येत नाही, अजून रुसलेत का? तो कशाला रुसेल. उलट मलाच वाटत होतं की तू रुसलीस. गेल्या वर्षी पुण्यात जेवताना तो म्हणाला होता, “ताई, तुमच्या पुस्तकात माणूस मरतो आणि शेवटी सगळे पंगतीला बसतात.” तुझा चेहरा उतरलेला मी पाहिला होता.

त्याचं मत लिहायचं तर बाकीचंही लिहावं लागतं, म्हणून दिवाळी जाऊ दिली. त्यानंच सांगितलं होतं, ताईंची दिवाळी खराब करू नकोस.

ताई, श्रीधरच्या स्वादुपिंडाला कॅन्सर आहे. ऑगस्टमध्ये कळलं. तेव्हाच तो यकृतापर्यंत गेला होता. गेल्या महिन्यात औषध थांबवलं. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, खुर्ची ओढून जवळ बसून सांगितलं. आता फक्त दुखणं कमी ठेवायचं. इथली नर्स रोज येते. त्याच्या सासूबाईंना, म्हणजे आपल्या आईला, तूच सांग. माझ्यानं होणार नाही.

पुस्तक हातात धरवत नाही, म्हणून मीच त्याला वाचून दाखवते. दुपारी खिडकीपाशी. मधेच झोपतो, मग जिथे झोपला तिथून परत. ती खीर खाऊन तुझ्या पुस्तकातला कारकून मेला आणि भागू घराघरांतून चौकशी करत फिरायला लागली, तेव्हा मीही फिरतच होते गं. कोणामुळे झालं हे? महिनोन्महिने ॲसिडिटीच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरमुळे? त्या मोठ्या तपासणीची टेर्मिन, म्हणजे तारीख, इतकी उशिरा मिळाली त्यामुळे? कंपनीच्या दौऱ्यांवरच्या खाण्यामुळे? की पोट दुखतंय म्हटल्यावर ओवा चावायला देणाऱ्या माझ्यामुळे? एकदा वाचता वाचता थांबून मी हे सगळं त्याच्यापुढे मांडलं. तो हसला. “आल्झो, म्हणजे तूच कासारीण झालीस की.”

आम्ही चिमट्यापर्यंत आलो. त्यानं पेन्सिल मागितली. मी पुस्तकाखाली ताट धरलं. बराच वेळ लावून लिहिलं, ‘कोणीच नाही’, आणि खाली सही.

“अरे, असं कसं?” मी म्हणाले. “खिरीत विष होतं ना? ते काय आपोआप पडलं?”

“गेनाऊ, अगदी बरोबर. आपोआप. असंही होतं, विभा.”

“बरं, काढू चिमटा?”

“नको.”

मला वेडीला वाटलं, उद्यासाठी ठेवतोय. मनातून बरंही वाटलं, उद्याची काहीतरी वाट बघतोय म्हणून. दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. मग म्हणाला, “पुस्तक मंडळाला देऊन टाक, लोक थांबलेत. मला बघायचं नाही त्यात कोण आहे. कोणीतरी असणारच. ताईंच्या पुस्तकात असतंच.” आणि भिंतीकडे वळला. आता तो उद्याबद्दल काही बोलत नाही. उर्जा शाळेतून आली की त्याच्या पायाशी बसते. ती जर्मनमध्ये बोलते, तो मराठीत. पूर्वी कटकट करायचा, मराठीत बोल म्हणून. आता करत नाही.

मी ते पुस्तक अजून दिलेलं नाही.

मी शेवट आधीच वाचला होता, त्यामुळे नगरशेटचा भाचाच खुनी, हे मला ठाऊक आहे. भागू त्याला भर ओसरीवर पकडते आणि सगळे पंगतीला बसतात. म्हणजे या वेळीही श्रीधरचा अंदाज चुकला. आणि खरं सांगू, मलाही तो पटलेला नाही. एखादा भाचा मलाही हवा आहे. त्याच्या नावानं बोटं तरी मोडली असती. घरभर शोधलं, ताई. सापडत नाही.

तू ये म्हणत नाही. व्हिसा मिळून तू निघेपर्यंत काय होईल, ते मला लिहवत नाही. सातवं पुस्तक आलं तर मला पाठवू नकोस, मंडळाच्या पत्त्यावर पाठव. पण फोन कर, मी उचलीन. त्याच्या कानाला लावीन. त्याच्या मताबद्दल बोल, साबुदाण्याबद्दल बोल, काहीही बोल. फक्त तुमचा अंदाज चुकला, असं तेवढं म्हणू नकोस.

तुझी,
विभा