वाळू कुणाच्या हद्दीतली

वैशाख शु. ५, शके १८५३. बाणकोट
यमूचं ठरलं. मुलगा दापोलीचा, बिजवर, मुंबईस नोकरी. यमूला बारावं. नव्या कायद्यानं इकडे एवढ्या लहान मुलीचं लग्न करता येत नाही, म्हणून सावित्रीच्या खाडीपलीकडे बागमांडल्यास लावायचं. तिकडे हबसाणचं, नबाबाचं राज्य. हे म्हणाले, "सावित्री ओलांडली की इंग्रज मागे राहिला." सासूबाईंना नातजावई बघून डोळे मिटायचेत. मला कुणी विचारलं नाही.

शु. ९
यमू खुशीत. शालू अंगाला लावून घरभर. धक्क्यावर गेलो तर विचारते, "आई, हद्द कुठाय गो?" म्हटलं, पाण्याच्या मध्यावर. "मग दिसत कशी नाही?"
जेवण गेलं नाही. चौकीवरचा शिपाई दोनदा दारावरून गेला. उगाच असेल. पण...

शु. १३

मुहूर्त गोरज. वरपक्ष उशिरा आला, निघेतो ओहोटी लागलेली. इब्राहिम तांडेल सांगत होता, "पाणी सुटलंय, होडी वाळूवर बसेल." ह्यांनी ऐकलं नाही. खाडीच्या मध्यावर रुतलोच. चहूकडे वाळू उघडी. ऊन उतरू लागलं तसे भटजी म्हणाले, "इथंच अंतरपाट धरू. मुहूर्त चुकवू नका."
व्याही घाबरले. "ही वाळू कुणाच्या हद्दीतली? इकडची निघाली तर तुरुंग!"
तांडेलाला विचारलं. तो हसला. "गेल्या साली पलीकडे होती, यंदा सरकली. वाळू ती. कुणाची म्हणून सांगू?"
मी बोलले. इतक्या पुरुषांत. "आपली आहे. बाणकोटची."
ठाऊक कुणाला होतं! पण व्याह्यांनी मुलाला खाली बसवलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं ते...
भरतीनं होडी तरंगली तेव्हा दिवेलागण झालेली. मुहूर्त गेला. परत आलो. यमू रडत होती, शालूला चिखल लागला म्हणून.

शु. १४
ह्यांनी बोलणं टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "मोडलंस तू." मोडलंय कुठे? व्याह्यांचा निरोप आला. वद्य सप्तमी, या खेपेस पहाटेच्या भर भरतीत निघायचं.

वद्य २
देवरूखास दादाला निरोप धाडला: ये आणि भाचीला घेऊन जा. शेजारच्या काशीताई म्हणाल्या, "नवऱ्याच्या पाठीमागं गो?" हो, पाठीमागं. भाऊ म्हणून तो एकच आहे मला.

वद्य ५
बोट लागली. सगळी माणसं उतरली. दादा नाही.

वद्य ६
शालू धुऊन वाळवला. डाग राहिलाय.
दुपारी हे ओटीवर बसले होते. एकदम म्हणाले, "गोदी आज अठराची असती." आमची थोरली. पहिल्या बाळंतपणात गेली, त्यावर ह्यांच्या तोंडून तिचं नाव आज पहिल्यानं ऐकलं. मी दारात उभीच राहिले, पुढे काही म्हणतील म्हणून. उठले, वहाणा घातल्या. "तांडेलाकडे जाऊन येतो."
होडी आण सांगायला की आणू नको सांगायला, विचारायचा धीर झाला नाही.
अजून आले नाहीत. यमूच्या डोक्याला तेल लावायला बसल्ये. म्हणते, "हळू, आई. किती जोरात धरलंयस."