कुणाच्या आवडीची गाडी

प्रिय अहो,

वर नुसतं 'अहो' लिहिलं म्हणून हसू नका. अडतीस वर्षांत तोंडाने कधी तुमचं नाव घेतलं नाही, ते आता कागदावर कुठून येणार! उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून.

तुम्हाला जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्ध नीट पार पडलं, पाहुणे जेवून गेले, आपला निखिल हैदराबादला परत गेला. तेव्हा काही पत्र लिहावंसं वाटलं नाही. आज लिहिते आहे ते भांडायला. गेल्या महिन्यात रामलाल मिस्त्रीकडून एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून मी घरात एकटीच तुमच्याशी वाद घालते. वाद अर्ध्यात आला की मलाच हसू फुटतं. म्हटलं लिहूनच काढावं. निदान मध्येच चहा मागून विषय तरी बदलता येणार नाही तुम्हाला.

गोष्ट आपल्या पांढऱ्या गाडीची.

तुमच्यामागे शकूताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तुमचीच बहीण ती, दुखतं म्हणून कधी सांगायची नाही. व्यायामासाठी डॉक्टरांनी तिला आठवड्यातून दोनदा बोलावलं. मुलगा रेल्वेच्या ड्यूटीवर, सून शाळेत. मी म्हटलं, मी नेते. आपल्या रिसालीहून तिच्या घरी चरोद्याला जायचं, तिला घ्यायचं, भिलाईत व्यायामाला आणायचं, पुन्हा सोडायचं. खरं सांगू? मला ते दोन दिवस हवेच होते. तुम्ही गेल्यावर घरात वार कोणता तेच कळेनासं झालं होतं. मंगळवार आणि शुक्रवार तेवढे मला कळायला लागले. जाताना शकूताई तुमच्या लहानपणीच्या चोऱ्या सांगायची, येताना मी तुमच्या म्हातारपणीच्या सांगायचे.

पहिला महिना गाडीने बरा काढला. मग बॅटरी गेली. बॅटरी टाकली तर रेडिएटर गळायला लागला. तो झाला तर क्लच. रामलाल एक नीट करायचा की दुसरं डोकं वर काढायचं. दर वेळी मी म्हणायचे, "कर रे बाबा." तुमची गाडी होती ना! ती काढायची म्हणजे तुम्हाला पुन्हा एकदा घराबाहेर काढल्यासारखं वाटायचं मला.

हे सगळं मला कळत नव्हतं असं नाही. मालगाड्यांचे डबे तपासणाऱ्या माणसाची बायको आहे मी! चरोद्याच्या यार्डात तुमचा जन्म गेला. हातोडीने चाक ठोकायचं, आवाज ऐकायचा, बिघडलेल्या डब्यावर खडूने खूण करून तो बाजूला काढायचा. लग्नाला गेलो तरी तुम्ही आधी खुर्चीचे पाय बघायचात आणि मग बसायचात. किती वेळा सांगितलंत, "दुरुस्तीवर दुरुस्ती निघून राहिली ना, तं समजायचं डब्बा थकला. मंग त्याची माया नाही करायची. त्याच्यामागं पन्नास डब्बे असतात." पण स्वतःच्या गाडीच्या बाबतीत तुम्हीच ते पाळलं नाही, तर मी काय म्हणून पाळावं?

मे महिन्यातल्या एका मंगळवारी पॉवर हाउसच्या पुलावर चढताना गाडी बंद पडली. अगदी मधोमध. मागे लोखंड लादलेला ट्रेलर, आणि त्याचा हॉर्न थेट माझ्या पाठीत. ऊन असं की स्टिअरिंगला हात लावता येईना. एसी तर कधीचा गेलेला. शकूताई मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेली, तिला उतरता येईना. मी आपली किल्ली फिरवते आहे, फिरवते आहे. शेवटी स्टील प्लांटला निघालेल्या दोघा माणसांनी स्कूटर बाजूला लावली आणि ढकलत ढकलत आम्हाला कडेला घेतलं.

शकूताई एवढंच म्हणाली, "काही नाही वयनी, होते असं. मशीनच ते." आणि शुक्रवारी सकाळी तिचा फोन. "वयनी, तू नको येऊ आता. उन्हातान्हात काहून त्रास घेऊन राहिली? मी आटोनं जाऊन येईन."

तो गुडघा घेऊन आटोने! फोन ठेवून मी ओट्याला टेकून कितीतरी वेळ उभी राहिले. शकूताईचा माझ्यावरचा भरवसा गेला होता आणि माझे दोन्ही वार माझ्या हातून निसटत होते. तुम्हाला हाक मारावीशी वाटली, तर ते शक्य नव्हतं. मग गाडी कशीबशी सुरू केली आणि हथखोजच्या रस्त्यावर रामलालच्या गॅरेजला गेले.

म्हटलं, "रामलाल, जे जे नवीन टाकायचं ते टाक. इंजिन काढावं लागलं तरी काढ. पण ही गाडी चालली पाहिजे."

तो फडक्याने हात पुसत राहिला. मग म्हणाला, "भाभी, एक बात बोलूँ? बुरा मत मानना. भैया तो पासिंग के टाइम से ही बोल रहे थे, ये गाड़ी अब कंडम है. मैं भी बोला, निकाल दो. तो बोले, क्या करूँ रामलाल, तेरी भाभी का जीव अटका है इसमें."

मी तिथल्या स्टुलावर बसलेच. माझा जीव? त्या गाडीत?

अहो, मला ती गाडी कधी आवडली होती? तुम्ही आणलीत त्या दिवशी पेढे वाटले, तेवढाच काय तो आनंद. सीट खाली, दार जड, काच अर्ध्यात अडकणारी. उतरताना माझी साडी दर वेळी त्या दारात सापडायची. दिसलं नाही का तुम्हाला?

गाडीला पंधरा वर्षं झाली, आरटीओत पुन्हा पासिंग करायची वेळ आली, तेव्हा तुम्ही अंगणात उभं राहून विचारलंत, "अवं, पासिंग करून घेऊ का आता नवी पाहू?" मी चटकन म्हटलं, "घ्या करून पासिंग. चांगली तं चालून राहिली." का म्हटलं माहीत आहे? तुम्हाला रिटायर होऊन तेव्हा चार महिने झाले होते. त्यातले पहिले दोन-तीन महिने तुम्ही गच्चीवर जाऊन दूरच्या मालगाडीचा आवाज ऐकत बसायचात. जेवणात लक्ष नाही, पेपर उलटा धरलेला. मग गाडी दुखणी काढायला लागली आणि तुम्हाला कामच मिळालं. रविवारी चटई घालून गाडीखाली शिरायचात ते दुपारी हात काळे करून बाहेर. मला वाटलं, ही गाडी गेली तर हा माणूस तपासणार काय? मला तपासायला लागतील! म्हणून म्हटलं, राहू दे.

आणि तुम्ही काय समजलात? मंदाचा जीव अटकलाय.

पुरावेही होते म्हणे तुमच्याकडे. रामलालने सगळे मोजून दाखवले. दसऱ्याला मी गाडीला एवढा मोठा झेंडूचा हार घालायचे. अहो, हार मी कुलरलासुद्धा घालते! सीटला क्रोशाची कव्हरं विणली होती, ती मायेने नव्हे हो. सीटची स्प्रिंग टोचायची, ती झाकायला विणली होती. आणि कॉलनीच्या गेटला गाडी घासली तेव्हा मी रडले होते, ते तुम्ही रागावाल म्हणून. तुम्ही रागावला नाहीत, उलट दुसऱ्या दिवशी स्वतः रंग लावत बसलात. आता कळतं, माझ्यासाठी बसला होतात.

रामलाल पुढे म्हणाला ते मात्र मला हसण्यावारी नेता आलं नाही. तुम्ही त्याला सांगायचात म्हणे, गाडीखाली झोपून आता कंबर राहत नाही. खरं आहे. रविवारी संध्याकाळी मी तुमच्या कमरेला बाम चोळायचे आणि तुम्ही उशीत तोंड खुपसून म्हणायचात, "मस्त काम झालं आज." ते ऐकून मला किती बरं वाटायचं! म्हणजे तुम्ही माझ्यासाठी गाडीखाली शिरत होतात आणि मी तुमच्यासाठी बाम चोळत होते. दोन उन्हाळे आपण भिलाईच्या उन्हात, बिनाएसीच्या गाडीत भाजून निघालो, एकमेकांसाठी! तेरी भी चुप, मेरी भी चुप. एकदा तरी सरळ विचारायचं होतंत, "तुले आवडते का ही गाडी?" मीही विचारायला हवं होतं, तुमची कंबर दुखते तर कशाला जाता खाली. बाम होता ना हातात, तेव्हा तरी कळायला हवं होतं मला. याचं मात्र वाईट वाटतं. तुमच्या कमरेचे ते रविवार मला परत देता येत नाहीत.

त्या दिवशी गॅरेजमधून निघाले ती तडक चरोद्याला. शकूताईला म्हटलं, "खरं सांग, या गाडीत बसायची तुला भीती वाटत होती ना?"

आधी नाही नाही म्हणाली. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. "पहिल्या दिवसापासून वाटत होती वयनी! देवाचं नाव घेत बसत होतो मी. पण दादाची गाडी, तुले कसं सांगू? तुले वाईट नाही वाटणार?"

घ्या! भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते काही खोटं नाही.

निखिलला फोन केला तर तो म्हणतो, "आई, तुला ठेवायची तर ठेव ना, कोई टेन्शन नाही. पप्पांची याद आहे." मी विचारलं, "तुला काय वाटतं ते सांग." मग म्हणाला, "सच बोलू? तू ती गाडी घेऊन निघते ना आई, तं तुझा घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत माझं कामात मन नाही लागत." हे त्याने सहा महिने पोटात ठेवलं होतं. पोरगं तुमच्यावरच गेलंय, आणि थोडं माझ्यावरही.

मग काय, शकूताईला घेऊन शोरूमला गेले. तिथला विक्रीवाला विचारतो, "मॅडम, सर कब आएँगे?" म्हटलं, "सर नहीं आएँगे. जो दिखाना है मुझे दिखाओ." आवाज जरा चढलाच माझा. तो बिचारा ताठ उभा राहिला. सीट उंच पाहिजे, म्हणजे शकूताईला गुडघा न वाकवता बसता येईल. दार हलकं पाहिजे. एसी गार पाहिजे. आणि रंग लाल पाहिजे. असं धडाधड सांगत गेले आणि माझंच मला नवल वाटलं. मला एवढं सगळं हवं होतं?

जुनी गाडी काल गेली. रामलाल आणि त्याचा भाऊ तिला भंगाराच्या यार्डात सोडून आले, कागदपत्रं रीतसर केली. मी हार घातला नाही. बॉनेटवर एक हात ठेवला, ते मात्र केलं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. तुम्हीच तिला कधीची कंडम ठरवली होतीत, मग मी कशाला उलटा निकाल देऊ? मन हलकं झालं. अंगणात जागा रिकामी आहे, तिथे आज सकाळी मी पापड वाळत घातले. नवी गाडी गुरुवारी येते. शुक्रवारी शकूताई आणि मी निघू. तिने फोनवर दोनदा वेळ विचारून घेतली.

भांडण संपलं माझं. आता तुम्ही म्हणाल, मग ती गाडी दिसली की तुझा चेहरा फुलायचा तो कशाने? रामलाललाही तुम्ही हेच सांगितलं होतंत म्हणे, की हॉर्न वाजवला की बाई पळत येते बाहेर.

अहो, पळत यायचे ते तुमच्या शेजारी बसायला मिळणार म्हणून. मला तुमच्या शेजारी बसायला फार आवडायचं. तुम्ही बैलगाडी आणली असतीत तरी पळतच आले असते. एवढं एक वाक्य सांगायला मला अडतीस वर्षं पुरली नाहीत बघा! आणि तुम्ही ते त्या गाडीच्या नावावर जमा करून निघून गेलात.

म्हणून आता कानाला खडा लावला आहे. निखिलला, शकूताईला, ज्याच्या शेजारी बसायला मला आवडतं त्याला ते तोंडावर सांगेन. उद्यावर ढकलणार नाही, कुणाला अंदाज करायला लावणार नाही. हे वचन तुम्हाला.

तुमचीच,
मंदा