अकरा ते बारा

नाना, माझ्या घरात पियानो आहे. हे ऐकून तुम्ही आधी चष्मा काढून पुसाल आणि मग विचाराल, 'कुणाचा?' माझाच. कुणी ठेवायला दिलेला नाही, दुरुस्तीला आलेला नाही, उद्या टेम्पो येऊन घेऊन जाणार नाही. भाईंदर पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर माझी एक खोली आणि स्वयंपाकघर आहे. त्या खोलीच्या लांब भिंतीला तो उभा आहे आणि त्याच्यापायी दिवाण खिडकीला चिकटवावा लागलाय. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला मुद्दाम लिहून कळवावं असं फारसं काही घडलं नाही, आणि जे घडलं ते तुम्हाला आवडलं नसतं. आता एक घडलंय. पियानो घेतला ते नव्हे, त्याला चार वर्षं झाली. हे गेल्या महिन्यातलं आहे, आणि सांगायला तुमच्याखेरीज दुसरं माणूस मला सुचत नाही.

तुमचा कारखाना मी आजही वासावरून ओळखीन. फोर्टातल्या त्या पियानोच्या दुकानाच्या पुढच्या भागात काचा, गालिचा, साहेबी थाट, आणि मागे तुम्ही सहा माणसं बनियनवर. स्पिरिटमध्ये विरघळलेली लाखेची चपडी, मलमलीच्या फडक्यात कापूस गुंडाळून केलेली पुडी, आणि लाकडावर गोल गोल फिरणारा तुमचा हात. तीस वर्षं तुम्ही पियानोंना पॉलिश केलंत आणि स्वतः एक सूर काढला नाहीत. मी चौथीत असेन. मे महिन्याची सुट्टी, तुम्ही डबा घरी विसरलेले, आणि आईने मला शेजारच्या काकूंबरोबर लालबागहून ट्रामने धाडलेलं. मागच्या दाराने मी आत येते. तुम्ही हात धुवायला गेला आहात, आणि समोर एक मोठा काळा पियानो झाकण उघडून बसलाय. मी एक पट्टी दाबते. एकच. माझ्या बोटातून एवढा आवाज निघेल असं मला वाटलेलं नसतं. मालक पुढून डोकावतात, हसतात, म्हणतात, "बजाने दो, बच्ची है." आणि तुम्ही ओल्या हाताने माझं मनगट धरता, ती पट्टी फडक्याने पुसता, तिच्या बाजूचं लाकूड पुसता, वाकून उजेडात तिरपं बघता, कुठे बोट उमटलंय का. मग हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं बोलता: "बाय, आपला हात लागला हे कुणाला कळता कामा नये. हात दिसला की पॉलिश फुकट."

मला रडू आलं होतं, नाना. मालक हो म्हणत होते आणि बाप नाही म्हणत होता, हे मला काही केल्या उमगेना. संध्याकाळी तुम्ही खिशातून तांबड्या फेल्टचा, त्या जाड लोकरी कापडाचा, एक हातभर तुकडा काढलात आणि माझ्या मांडीवर ठेवलात. पियानोच्या पोटातला, जुना काढून नवा बसवताना उरलेला. मी तो उशाशी घेऊन झोपणार होते, पण आईने दुसऱ्याच दिवशी त्याच्या दोन घड्या केल्या आणि ती त्याने चुलीवरची पातेली उतरवायला लागली. लालबागच्या त्या स्वयंपाकघरात पुढे कित्येक वर्षं आमटीचं पातेलं पियानोच्या फेल्टने खाली उतरत होतं. राग मात्र मी आईवर काढला नाही, तो माझ्यापाशीच ठेवला.

पुढचं बरंचसं तुम्हाला ठाऊकच आहे. आई गेली, भावाने लग्न करून वेगळं बिऱ्हाड केलं, आणि मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर झाले. कानाला हेडफोन लावून अख्ख्या मुंबईची बोलणी जोडून द्यायची आणि आपण मधून बाजूला व्हायचं, हे काम मला चांगलं जमलं. लग्न राहून गेलं. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी चाळीतली खोली विकली, माझ्या वाट्यात ही जागा आली. रिटायर झाले तेव्हा एक्स्चेंजमध्ये सगळं आपोआप जोडलं जायला लागलं होतं आणि फोन लोकांच्या खिशात गेले होते. भाचा दर रविवारी मला मिस्ड कॉल देतो. म्हणजे मी लावायचा.

पियानो घेतला उत्तनच्या एका बाईंकडून. त्यांची मुलं परदेशी गेली, त्याही तिकडे मुलीकडे निघाल्या होत्या, घर आवरत होत्या. मी गेले होते त्यांच्याकडचं जुनं कपाट बघायला, आणि आले पियानो ठरवून. दोन महिने त्यांनी मला शिकवलंही, निघायच्या आदल्या आठवड्यापर्यंत. "रोज वाजवीत जा," असं बजावलं, "आन आत एक बारका बल्ब लावून ठेव. खाडीची हवा हाय, न्हाय तर पट्ट्या फुगून बसतील." तेव्हापासून त्याच्या पोटात पंधरा वॅटचा बल्ब जळत असतो, आणि खालच्या फटीतून उजेडाची एक रेघ लादीवर पडलेली असते. लिफ्टमध्ये तो मावला नाही. चार हमालांनी पट्टे लावून जिन्याने चढवला, आणि प्रत्येक मजल्यावरचं दार उघडलं. सगळ्यांना ते शोकेस वाटलं. एकीने विचारलं, "टीवी इसके अंदर रखेंगे क्या?" इतका जुना पियानो, म्हणजे कधीतरी तुमच्या हाताखालून गेलाच असेल, असं माझ्या मनाने घेतलं होतं. ट्यून करायला आलेल्या म्हाताऱ्याला मी दबकत विचारलं. त्याने लाकडावरून बोट फिरवलं आणि सांगितलं की हे पॉलिश मशीनचं आहे, आणि तेही अलीकडचं.

तरी मी वाजवते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी वेळ ठरवून दिली, अकरा ते बारा, तेव्हा मुलं शाळेत असतात आणि म्हातारी माणसं अजून आडवी झालेली नसतात. उजव्या हाताने आरत्या येतात, एक अंगाई येते, तरुणपणी रेडिओवर ऐकलेली दोन-तीन गाणी येतात. डावा हात अजून एक्स्चेंजमध्येच आहे, तो सांगितल्याशिवाय हलत नाही. चांगलं वाजवते असं नाही. पण त्या तासात मी घरात असते, नाना. बाकीचा दिवस मी घर सांभाळायला ठेवलेल्या बाईसारखी इकडून तिकडे फिरत असते.

आता गेल्या महिन्याचं. आमच्या बी विंगमधले एक पेन्शनर गृहस्थ वारले. एकटेच राहायचे. वारले ते तिसऱ्या दिवशी कळलं, दाराच्या कडीला दुधाच्या तीन पिशव्या लटकत होत्या म्हणून. खाली सगळे जमले होते आणि जो तो एकच म्हणत होता, "पता ही नहीं चला." मीही तेच म्हटलं. घरी आले, पाणी प्यायले, आणि पहिला विचार काय आला, तर माझं असं होणार नाही. माझा पियानो आहे. अकरा वाजता वाजला नाही की बिल्डिंगला कळेल. या विचाराने मला दोन दिवस इतकं बरं वाटलं की तिसऱ्या दिवशी त्याचीच भीती वाटायला लागली. खरंच कळेल का? आणि मग मी या वयात जो पोरकटपणा केला तो असा, की मी वाजवायचंच बंद केलं. मुद्दाम. कुणाला कळतंय ते बघायला.

केबिन रोडवर जाऊन कांदे-बटाटे, दोन दिवसांच्या पालेभाज्या आणि बिस्किटं आणून ठेवली, म्हणजे खाली उतरायला नको. दूध मात्र गुपचूप आत घेत होते. पिशवीवरून ओळखलं तर त्यात काय मजा? अकरा वाजले की स्टुलावर जाऊन बसायचे, झाकण बंद, हात मांडीवर. बिल्डिंग अशी मी कधी ऐकली नव्हती. वरती कुणी तरी ड्रिल मारतंय. समोरच्या घरात मालिकेतली सासू रडते. लिफ्टचं दार उघडं राहिलंय आणि तिच्यातली रेकॉर्ड केलेली बाई पुन्हा पुन्हा सांगतेय, कृपया दरवाजा बंद करें, कृपया दरवाजा बंद करें, आणि कुणी करत नाही. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी जिन्यात पावलं वाजली, माझ्या दाराशी मंदावली असं वाटलं, मी उठून उभीच राहिले. ती वर गेली. तिसऱ्या दिवशी मला सगळ्या बिल्डिंगचा राग आला. चौथ्या दिवशी रागही गेला. चाळीस वर्षं लोकांचे फोन जोडले, आणि मला हाक मारायला एक माणूस नाही, असं मी मोठ्याने बोलले. बोलले ते बल्बच्या उजेडाकडे बघून.

पाचव्या दिवशी साडेअकराला बेल वाजली. मी तोंड धुतलं, गाऊनवर ओढणी घेतली आणि दार उघडलं. खालच्या मजल्यावरची गुजराती बाई, हातात झाकलेली ताटली. चेहरा असा उजळलेला की मला वाटलं, जिवंत बघून बरं वाटलं हिला.

"आंटी, ढोकळा बनाया था," असं म्हणून ती आत आली, पियानोकडे बघितलं आणि एकदम माझा हात धरला. "आंटी, थँक्यू हां. बेबी का दसवीं चल रहा है. हम लोग सोच रहे थे आपको कैसे बोलें, अच्छा नहीं लगता ना. और आपने खुद ही बंद कर दिया. मेरे मिस्टर बोले, देखो, समझदार लोग ऐसे होते हैं."

"तुमको पता चला, बंद है?" मी विचारलं.

"लो, पहले दिन ही. इतनी शांति हो गयी."

"मग तुमको लगा नहीं, मेरे को कुछ हो गया?"

ती हसली. "आपका कुकर बजता है ना साढ़े बारह बजे. तीन सीटी. पानी का बालटी सरकता है सुबह. सब आवाज आता है आंटी, पतली दीवार है. आप ठीक हो, मालूम था."

मी काय करणार? मी म्हटलं, "अरे, पढ़ाई का साल है, इतना तो करना चाहिए." पेपर कधीपर्यंत आहेत ते विचारलं. रिकामी ताटली परत देऊ नये म्हणून तिच्यात मूठभर साखर घातली. ती गेल्यावर ढोकळा खाल्ला, उभ्यानेच, चांगला झाला होता. आणि खाता खाता तिची ती 'शांति' मला बोचली. मी ती ओळखते. मी स्वतः ती भोगलीय, आणि तीही तुमच्याकडून मिळालेली.

तुमचं शेवटचं वर्ष, नाना. नोकरी सुटलेली, छातीत स्पिरिट बसलेलं, दिवसभर खोलीत एकटे. मी ड्यूटीवरून यायचे, चपला काढायच्या आत तुम्ही सुरू. बडोद्याहून एक पियानो आला होता, त्याच्या पायांना वाघाचे पंजे होते. एका पारशीणबाईंचा होता, त्याचं झाकण उन्हाने तडकलं होतं. मी ते पंजे आणि ते झाकण शंभरदा ऐकलं होतं, आणि दिवसभर कानात माणसं बोलून बोलून माझं डोकं भणभणत असायचं. मी हं हं करत भात लावायचे. एक दिवस तुम्ही बोलायचं थांबवलंत. दुसऱ्या दिवशीही काही नाही. 'चहा घेतलात?' 'हो.' 'औषध?' 'हो.' आणि मला काय वाटलं, तर सुटले. का गप्प झालात, हे विचारलंसुद्धा नाही. उलट एका संध्याकाळी तुम्हाला आवडते म्हणून कोपऱ्यावरून जिलबी आणली, तुमच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "हल्ली घरात किती शांत वाटतं नाना. घरी यावंसं वाटतं." तुम्ही "हं" म्हणालात आणि पेपरचं पान उलटलंत. त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत आपल्या खोलीत एकही पियानो आला नाही.

तुम्ही वाट बघत होतात, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, थोडं कळलं होतं. पण विचारलं असतं तर तुम्ही पुन्हा सुरू झाला असतात. त्या वाघाच्या पंजांचं पुढे काय झालं, ते कुणाच्या घरी गेले, हे आज मला हवं होतं. सांगणारं कुणी नाही.

हे पत्र टाकायचं कुठे, हा प्रश्नच नाही. स्टुलाच्या बैठकीखाली कागद ठेवायला खण आहे, त्यात उत्तनच्या बाईंनी दिलेल्या वहीबरोबर राहील. मुलीची परीक्षा संपून आज नऊ दिवस झाले. परवा ती जिन्यात भेटली, केस कापलेत, छान दिसते. "पेपर कैसे गए?" विचारलं तर "मस्त" म्हणाली आणि उड्या मारत खाली गेली. आता माझ्या वाजवण्याची अडचण कुणाला नाही. अकरा वाजले की मी स्टुलावर जाऊन बसते आणि झाकण उघडत नाही. खालचं कुणीतरी वर येईल, 'आंटी, अब बजाओ ना' म्हणेल, म्हणून थांबलेय. नऊ दिवस. तुम्ही किती दिवस थांबला होतात, ते मला सांगता येणार नाही, नाना. मी मोजलेच नव्हते.