प्रत्येक गोंडी शब्दाला एक छडी

ब्रह्मपुरी, ३ मार्च २०२५

ती. दसरूदादास,
सेवा जोहार, वि. वि.

तुमच्या गावात टॉवर उभा राहीपर्यंत आपलं टपालच खरं. तुझ्या सोमारीला जूनपासून माझ्याकडे आणून इंग्रजी शाळेत घालायचं पक्कं केलंय. पण मुलाखतीत पोर गोंडी बोलली तर दारातूनच परत पाठवतील. मी सहाव्या वर्षी इंग्रजी शिकले असते तर आज दवाखान्यात आया नसते, नर्स असते. चित्रांचं पुस्तक पाठवलंय. घरी असो की जंगलात, गोंडी शब्द निघाला की तळहातावर एक छडी. तू पडलास मेणाचा, म्हणून बजावते.

आईला जोहार. माझ्यावरचा लोभ थोडा कमी झाला तरी चालेल, पोरीचा अभ्यास कमी नको.

तुझी दीपिका

कोसमटोला, २० मार्च

चि. दीपिकास आशीर्वाद, वि. वि.

तुझी छडी सुरू आहे. पहिल्या दिवशी अकरा बसल्या, हात सुजून भाकरीएवढा झाला. आता पाणी मागण्याआधी ती माझ्या हाताकडे बघते. लेकराले काऊन मारून राह्यला, म्हणून आई माझ्यावर ओरडते. पण पोरीनं इंग्रजी शब्द म्हटला की टाळ्याही तीच वाजवते.

मोहफुलं पडू लागली. आई आणि सोमारी सकाळीच टोपली घेऊन जातात. तिथं अस्वलाचं नाव घ्यायचं नाही, दिसलं तर त्यालाच गोंडीत मामा म्हणून हाक मारायची, हे आईनं तिला शिकवलंय.

माया असू दे, वरून रागावलीस तरी.

दसरू

कोसमटोला, १२ एप्रिल

दीपिका,

आईच्या मातीला आलीस तेव्हा विचारत होतीस, पोर जवळ होती तर ओरडली कशी नाही. ओरडली. मला तेव्हा सांगता आलं नाही.

शेजारच्या झाडाखाली झिंगू होता, त्यानं पाहिलं. अस्वल आईच्या मागून आलं. गोंडीत मामा म्हणून हाक मारली तर छडी बसेल, म्हणून सोमारी पुस्तकातला शब्द ओरडली, बेअर, बेअर. आई तिच्याकडे बघून हसली, टोपली खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या. अस्वलानं तिचं तोंड फाडलं. डोळा गेला, जबडा लोंबला. झिंगूची आरोळी ऐकून मी कुऱ्हाड घेऊन धावलो. अस्वल मेल्यावरही घाव घालतच होतो, चौघांनी धरलं तेव्हा थांबलो. आई तोवर संपली होती.

तुझा फार राग आला. तू समोर असतीस तर हात उचलला असता. पण छडीही याच हातात होती.

पोर दहा दिवस बोलली नाही. आज रिकाम्या टोपलीजवळ बसून तिनं गोंडीत आजीला हाक मारली. मग उठून माझ्याकडे आली आणि तळहात पुढे केला.

लोभ कोणत्या तोंडानं मागू?

दसरू