तारवाबाहेरची

सोमवार, १९ मार्च १९८४

‘थो’ नव्हे, ‘तो’! ‘थे’ नव्हे, ‘ती’! सकाळपासून घसा कोरडा पडला. बालवाडीतली मुले ती केवढी. परंतु चुकीचे रूप एकदा जिभेवर बसले की उठत नाही, हे मी आयुष्यभर वर्गांतून पाहत आलो आहे.

जलप्रलयाच्या गोष्टीतले नोहाचे तारू मात्र सुबक साधले. बाबूभाईंच्या दुकानातले साबणाचे खोके, वर बांबूच्या कामट्यांचे छप्पर, जोड कणकेच्या खळीचे. उद्या मुले नाल्याच्या चिकणमातीचे प्राणी करतील. प्रत्येकाची जोडी – नर आणि मादी! म्हणजे पवित्र शास्त्राबरोबर लिंगविचारही शिकवून होईल.

मंगळवार, २०

झिंगूने हत्ती व हत्तीण केली. सोंडा गळून पडल्या. काडी खुपसून जोडल्या. सोमारीने वाघ केला. ही गावातल्या वच्छलाची धाकटी मुलगी. वर्गात अद्याप एक शब्द उच्चारलेला नाही. होळीची उरलेली पळसफुले उकळून रंग दिला, कोळशाने पट्टे ओढले. डोळे मात्र केले नाहीत.

“हा कोण?”

“मोठा.”

बोलली! परंतु ‘मोठा’ हे विशेषण. “नाम सांग,” म्हटले. तिने नकारार्थी मान हलवली.

“बरे, याची मादी कोठे आहे?”

“थे बाहीर हाय.”

पहिलेच संपूर्ण वाक्य! मी ते ‘ती बाहेर आहे’ असे शुद्ध करून दिले. तिने दाराकडे पाहिले. मीही पाहिले – का, ते सांगता येणार नाही.

बुधवार, २१

वाघीण मीच केली. डोळे नखाने नीट कोरले. मग मुलांकडून घोकून घेतले – “वाघ, वाघीण!” प्रथम सगळी ओठ मिटून बसली. मी पुन्हा म्हटले, खणखणीत. झिंगू खुदकन हसला आणि माझ्यामागून म्हणाला. मग सगळीच ओरडू लागली. सोमारीने कान झाकून घेतले.

मुलांची खिचडी रांधणारी बायनाबाई पळी घेऊनच धावत आली.

“काऊन जी गुरुजी! मोहफुलं वेचायच्या दिवसात नाव घेतेत का त्याचं? बायका रानात जाऊन राह्यल्या. नाव घेतलं का बलावणं होते!”

“बाई, नामाने बोलावणे होत नाही. बोलावण्याला संबोधन म्हणतात.”

“मंग थेच त सांगून राह्यली ना मी!”

मला हसू आवरेना. ती हसली नाही. “थे मातीची शिवेवर ठेवून या,” म्हणाली. मी साफ नकार दिला. शास्त्रात ‘दोन-दोन’ असे लिहिले आहे. जोडी तारवातच राहील!

गुरुवार, २२

सकाळी वाघिणीचे तोंड दाराकडे फिरलेले आढळले. मुलांचा चाळा असावा. दाराला कुलूप होते.

शुक्रवार, २३

वच्छला पहाटे मोह वेचायला गेली. दुपार कलली तरी परतली नाही. तिची टोपली एका झाडाखाली पालथी सापडली. गावकरी ढोल घेऊन रानात शिरले आहेत.

सोमारी रडत नाही. तारवाजवळ बसून आहे. “येईल हो तुझी आई,” म्हटले.

“तुमी बलावलं थिले,” ती म्हणाली. “आता घरी धाडा.”

मी दुरुस्ती केली नाही.

दिवस मावळताना मातीची वाघीण शिवेच्या दगडाशी ठेवून आलो. केवळ मुलीच्या समाधानासाठी! तोंड रानाकडे केले. प्रार्थनाही केली, परंतु कोणाची, ते येथे लिहीत नाही.

शनिवार, २४

वच्छला सुखरूप आहे! देवाचे आभार! दिवसभर मोहाच्या फांदीला बिलगून होती. खाली जनावर बसलेले.

“दिवस बुडता बुडता थे कोनं हाक मारल्यावानी उठली, गुरुजी,” ती म्हणाली. “माह्याकडं पाह्यलंबी नाई. सरळ गावाकडं गेली.”

गावाकडे!

शिवेवर जाऊन पाहिले. दगड आहे. मातीची नाही.

सोमवार, २६

गोष्ट पुन्हा सांगायला घेतली. कबुतरे झाली, हत्ती झाले. त्या नामापाशी मी थांबलो. मुले थांबली. कुडाबाहेर वाळल्या पानांवरची पावलेही थांबली.

दाराला अडसर घातला आहे. मुलांना ओठांवर बोट ठेवायला सांगितले. सोमारी माझ्या मांडीशी आहे. बोलता येत नाही, म्हणून लिहितो –

थे बाहीर हाय.