पाय ओढत चालण्याचा शब्द

आई, आज मी या वयात हॉलभर लंगडी घातली. हसू नकोस. लेकीची लेक इंग्रजी शाळेत चौथीला आहे, तिला चालण्या-पळण्याचे शब्द पाठ करायचेत, आणि आजीनं करून दाखवल्याशिवाय ते तिच्या डोक्यात बसत नाहीत म्हणे. लंगडी म्हणजे हॉप, रांगणं म्हणजे क्रॉल, चवड्यांवर हळूच गेलं की टिपटो. मी तिसरीतून शाळा सुटलेली बाई, पण शब्द असे पटापट येत होते की पोरगी टाळ्या वाजवत होती. जावई म्हणाले, कंबर मोडून घ्याल. मी म्हटलं, मोडू द्या. चहा गार झाला तरी मला थांबवेना, इतकं बरं वाटत होतं.

मग तिनं वाचलं, ड्रॅग. "आजी, एकच पाय ओढायचा. दुसरा नीट टाकायचा." मी डावा पाय फरशीवरून घासत दारापर्यंत गेले, आणि आई, ती तुझी चाल होती.

सिन्नरकडे आपण कांदा निंदायला गेलो होतो. मी तेरा वर्षांची. प्रत्येकीची निंदायची एकेक पात, म्हणजे ओळ, या बांधापासून त्या बांधापर्यंत. जिची आधी संपेल तिनं मागे राहिलेलीच्या पातीला समोरच्या टोकाकडून लागायचं, हे तूच मला शिकवलेलं. त्या दिवशी तू जीपमधून उतरलीस तीच पाय ओढत. खुरपं दोनदा हातातून गळालं. बायका म्हणाल्या, आज लेकीनं आईला मागं टाकलं, म्हातारी झाली बाई. तू तर पस्तिशीचीही नव्हतीस. मला लाज वाटली, तुझीच. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "पाय उचल ना, आई. ढोंग करती नुसती." तू रागावली नाहीस. तोंडाची एकच बाजू हसली. "तू हो पुढं," म्हणालीस, शब्द जड येत होते. माझी पात संपली. मी तुझ्या पातीला लागले नाही. बांधावर बसून पाणी पीत तू सरकत येतेस ते बघत राहिले. दुपारी तू कांद्यातच आडवी झालीस आणि तिसऱ्या दिवशी गेलीस.

मागच्या साली शेजारणीचं तोंड असंच वाकडं झालं. सुनेनं पाहिलं, तासाभरात दवाखान्यात नेलं. आता त्या जिना चढतात. तेव्हाच्या दवाखान्यात लवकर नेऊन तरी काय झालं असतं कोण जाणे. पण माझं मन त्या तासापाशीच अडकतं.

नात म्हणाली, आजी, हे सगळ्यात खरं वाटलं. मी तिला जवळ घेतलं आणि पुढचा शब्द विचारला.

हा कागद पोस्टात टाकायचा नाही म्हणून लिहिते. त्या दुपारी तुला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी मला विचारलं होतं, पोरी, आई पाय कधीपासून ओढत होती? वडील शेजारीच उभे होते. मी म्हटलं, आत्ता, दुपारपासून. सकाळपासून, आई. मी पाहिलं होतं.