पेटीजवळ कोण होतं

चेरीताल, जबलपूर
रविवार

प्रिय रामभाऊ,

तुला जाऊन तीन वर्षं झाली आणि पहिलं पत्र आज लिहितो आहे. फार उशीर झाला, माफ कर. माझी शाळा चौथीत सुटलेली, पेन्सिल धरली की घाम फुटतो, हे तुला माहीतच आहे. पण आज सुटका नाही. वहिनी समोर बसल्या आहेत. त्यांनीच वही हातात दिली आणि म्हणाल्या, "आज लिहा. लिहिल्याबिगर उठायचं नाही, भाऊजी."

काय झालं ते सांगतो. जरा धीर धर, मला सगळं एकदम सांगता येत नाही.

पुन्हा लढाई लागली आहे, रामभाऊ. पासष्टसारखीच. कारखान्यात तिन्ही पाळ्या चालू आहेत, खिडक्यांना काळे कागद लागले आहेत, दिवसाढवळ्यासुद्धा विमानहल्ल्याचे भोंगे वाजवून बघतात. सुतारांना उसंत नाही. माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाही महाराजपूरच्या नव्या घरांची दारं आणि सिहोऱ्याला गोदामाच्या फळ्या, अशी दोन कामं आली आहेत. काम करायला हात अजून चालतात. पण अवजारं एका कामावरून दुसऱ्या कामावर न्यायची म्हटलं की माझ्या छातीत धडधडतं. तू असतास तर हसून हसून लोळला असतास!

तू पहिल्यापासून हसायचास. अवजारांचा विमा काढू म्हणालो, तेव्हा काय म्हणालास आठवतं? "माणसाचा विमा ऐकला होता बे नाऱ्या. रंध्याचा काहून? तो काय लेकरंबाळं मागं ठेवून जाऊन राहिला?"

तरी सही केलीस. माझ्यासाठी केलीस, हे मला तेव्हाच कळलं होतं. विम्याच्या तिवारीजींनी आपल्या दोघांच्या नावानं कागद केला. करवती, रंधे, पटाश्या, गिरमिट, गुण्या, सगळ्यांची यादी केली. मग बोट वर करून म्हणाले, "चाचा, एक बात याद रखना. रास्ते में सामान अकेला नहीं छोड़ना. साथ में आदमी चाहिए, नहीं तो कुछ नहीं मिलेगा."

झालं! तेवढं एक वाक्य माझ्या डोक्यात बसलं. त्या दिवसापासून वाटेत एकानं अवजारांच्या पेटीवर बसायचं आणि दुसऱ्यानं चहाला जायचं, असा मी नियम केला. तू सुरुवातीला कुरकुर केलीस. "बावीस वर्षं संगं चहा पिऊन राहिलो, आता पेटी सवत झाली," म्हणालास. पण पाळलास. वाटेवरचा आपला दोघांचा चहा त्यानंतर कधीच झाला नाही. विम्याच्या कागदात ही गोष्ट कुठे लिहिलेली नव्हती, रामभाऊ. माझ्या भित्रेपणानं ती आत घातली. याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि ती साखळी! पेटी कोणी उचलून नेईल म्हणून मी ती तुझ्या हातठेल्याला साखळीनं बांधली, वर कुलूप. तू म्हणाला होतास, "अरे, इतकी जड पेटी उचलायला दोघं लागतात, तिला काहून बांधतोस?" मी ऐकलं नाही. मी कधी कोणाचं ऐकलं आहे का? काळजी वाटायला लागली की माझे कान बंद होतात.

आता तो दिवस, पासष्टच्या लढाईतला. लिहायला हात थांबतो आहे, पण वहिनी बघत आहेत.

आपण चेरीतालहून महाराजपूरला निघालो होतो. अधारतालच्या अलीकडे पिंपळापाशी ठेला लावला. पाळी माझी होती. मी पेटीवर बसलो, तू समोरच्या टपरीत गेलास. आणि भोंगा वाजला. वर आकाश निळंभोर, एक घारसुद्धा नव्हती. पण मी उडी मारली आणि पळालो. कोणी हाकललं नव्हतं, शिपाई अजून आलाही नव्हता. मी शेत ओलांडून थेट नाल्यात जाऊन तोंड खाली घालून पडलो.

तू मात्र चहा टाकून पेटीकडे धावलास. ठेल्याला हात लावून उभा होतास, तेवढ्यात शिपायानं काठी आपटून तुला लपायच्या खड्ड्यात घातलं. भोंगा थांबल्यावर सगळे वर आले तेव्हा पिंपळाखाली काही नव्हतं. पेटी गेली, आणि साखळीमुळे ठेलाही गेला. चोराला काही उचलावंच लागलं नाही! नुसतं ढकलत न्यायचं होतं.

तिवारीजी लिहून घ्यायला आले. "पेटी के साथ कौन था?"

मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "मैं था जी. सिपाही ने उठाया, तब उठा."

खोटं नव्हतं ते. शेवटी पेटीजवळ तूच होतास. शिपायानंही तसंच सांगितलं. म्हणून तर भरपाई मिळाली आणि आपण नवी अवजारं घेतली. तुझा ठेला यादीत नव्हता, तो गेला तो गेलाच. त्याबद्दल तू एक शब्द बोलला नाहीस.

पण माझं नाव तू का घेतलं नाहीस, रे? घरी तरी सांगायचं! वहिनी तुला किती बोलल्या. पाहुणे आले की, "यांना शिपाई ऊठ म्हणाला आणि हे उठले. पेटी सांभाळावी तर नारूभाऊजींनी." हे मी तुमच्या घरात पोह्यांची बशी हातात धरून ऐकलं आहे. एकदा नाही, तीन वर्षं. तू मान खाली घालून मिश्या पुसायचास. मी पोहे संपवायचो. तू गेलास तेव्हाही मी बोललो नाही.

तर परवाची गोष्ट. तिवारीजी नवा कागद करायला माझ्याकडे आले होते. वहिनी लोणचं घेऊन आल्या होत्या. तिवारीजींनी पुन्हा तेच सांगितलं, रास्ते में अकेला नहीं छोड़ना. आणि वहिनी हसून म्हणाल्या, "भाऊजींना नका सांगू, भैया. सांगायला पाहिजे होतं आमच्या ह्यांना."

काय झालं कोणास ठाऊक. माझ्या तोंडातून निघून गेलं, "वहिनी, पाळी माझी होती. मी पळालो, नाल्यात तोंड खाली घालून पडलो. रामभाऊ तर धावत आला होता."

त्यांनी बरणी खाली ठेवली. तिवारीजी कागद गोळा करून निघून गेले. मला वाटलं, आता तुमच्या घराचं दार मला बंद झालं. मग वहिनी म्हणाल्या, "मेल्या माणसा, मी त्यांना किती बोलले!" आणि रडल्या. आणि मग, खरं सांगतो, रडता रडता हसायला लागल्या. "नाल्यात? तोंड खाली घालून?" दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हणालो.

आज सकाळी स्वतः बोलावणं पाठवलं. पोहे केले होते. मी बशी नुसती धरून बसलो, तर म्हणाल्या, "खा आता. आज तुमच्याच नावाचे आहेत." मग वही काढली. तुझी माफी त्यांनाही मागायची आहे. म्हणाल्या, "मी बोलायला लागले की भांडणासारखं होते, तुम्हीच लिहा." तेव्हा ही दोघांची मिळून माफी समज.

बरं वाटतं आहे, रामभाऊ. छातीतली धडधड पूर्ण गेली असं नाही, ती माझ्याबरोबरच जाईल. पण आज पोह्यांना चव होती.

आता वचन देतो. उद्या सिहोऱ्याच्या बसला पेटी चढवताना कोणी ती गोष्ट काढली, तर पळालेला माणूस मी होतो हे मीच सांगीन. तुझ्या मुलींना, जावयांना, टपरीवाल्यालाही सांगीन. हसले तर हसू देईन.

वहिनी विचारत आहेत, राग आहे का ते विचारलं का? विचारतो. राग आहे का रे? असला तर माझ्यावर ठेव, त्यांच्यावर नको. आणि कसंही करून लवकर कळव. माझ्या स्वप्नात येऊ नकोस, मी दचकून उठेन आणि अर्धा निरोप राहून जाईल. त्यांच्याकडे ये. त्या वाट बघत आहेत.

तुझा,
नारू